माझे दात, तुझा डोळा

९ जानेवारी

धाकटे,

सात महिन्यांनी तुझं कार्ड आलं. चारच वाक्यं, पण वाचून मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि आत बसून गायीसारखी हंबरले. बाहेर एक माणूस तुटलेली किल्ली घेऊन उभा होता. शेवटी बिचारा कंटाळून निघून गेला.

मी जिवंत आहे, असं तू लिहिलंस. डाव्या डोळ्यानं काही दिसत नाही, असं लिहिलंस. पत्ता कुणाला देऊ नकोस, आणि तुला देतेय ते दार तू उघडलंस म्हणून, असं लिहिलंस. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि कार्ड पालथं घातलं. त्याबद्दल नंतर लिहीन.

आधी बातमी देते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून कळायची. तुझा नवरा सुटला. मी त्याला नवरा म्हणणार नाही, रंगारीच म्हणेन. त्याला पाट्या रंगवता येतात एवढंच त्याच्याबद्दल खात्रीनं सांगता येतं. सहा महिने आत काढून परवा रविवारी तो चर्चमध्ये उपासनेला आला. सगळी मंडळी बसलेली, आणि हा सरळ पुढे गेला. समोरच्या भिंतीवर त्यानंच रंगवलेली ती प्रेमाबद्दलची मोठी अक्षरं आहेत ना, त्यांच्या खाली गुडघे टेकून साक्ष द्यायला लागला. मी राक्षस होतो म्हणाला. कोठडीत प्रभू भेटला म्हणाला. पाळक रडले, पाळकीणबाई रडल्या, मागच्या बाकावरचा बहिरा म्हाताराही रडला. त्याला काय ऐकू आलं देव जाणे.

मग तो उठला आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे आला. माझ्या हातात अर्पणाचं पितळी ताट होतं. ते मी उभं धरून त्याच्या नाकावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. रक्त त्याच्या शर्टावर, मेजावरच्या पांढऱ्या कापडावर, माझ्या चपलांवर. मी दुसऱ्यांदा ताट उगारलं तेव्हा चौघांनी मला धरलं. मला खेद झाला तो ताटाचा, त्याला चांगलाच पोचा आलाय.

पाळकांनी सांगितलं की मनात असं विष असताना प्रभुभोजनाची भाकर घेता येणार नाही. ते बरोबर बोलले, म्हणून मी वाद घातला नाही. आता दर वेळी सगळे पुढे जातील आणि मी बाकावर बसून राहीन. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे किती जड जाईल ते तुला कळेल.

पैसे पाठवू का? गरम कपडे? काहीही माग.

तुझी ताई


३० जानेवारी

धाकटे,

उत्तर नाही आलं, तरी लिहितेय. मी गप्प बसणारी नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

मी रंगाऱ्यासाठी प्रार्थना करायला लागले आहे. शत्रूसाठी प्रार्थना करा अशी आज्ञा आहे, आणि आज्ञा आवडली तरच पाळायची असं कुठे लिहिलेलं नाही. खोटं कशाला सांगू, पहिले आठ दिवस मी म्हणत होते, प्रभू, त्याला शिडीवरून पाड. मग वाटलं, ही काही प्रार्थना नव्हे. मग म्हणाले, प्रभू, त्याला शिडीवरून पाड, पण जगू दे. नवव्या दिवशी त्याच्या नाकाला पू झाला असं कळलं आणि माझी मीच घाबरले.

त्याचा उजवा हात गेलाच म्हण. तुमच्या खालच्या इस्त्रीवालीनं, तुझा डोळा गेला त्या दिवशी, तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर हाणली होती. हाड वाकडंच जुळलंय, त्याच्या हातात ब्रश टिकत नाही. कोणी काम देत नाही. दोन दिवस उपाशी होता असं पाळकीणबाई म्हणाल्या. त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा भरला आणि शिव्या देत देत तुमच्या त्या जिन्यानं वर गेले. रोज जाते. डबा उंबऱ्यावर ठेवते, आत पाऊल टाकत नाही. खुर्चीचा मोडका पाय अजून कोपऱ्यात पडलाय. भिंत त्यानं नव्यानं रंगवलीय, डाव्या हातानं, पण तो एवढा चौकोनच. बाकीची भिंत जुनी आहे, त्यामुळे खाली काय होतं ते कुणालाही कळावं.

त्या जिन्यावर मला प्रत्येक पायरीला तू आठवतेस. तीन वेळा मी तुझा हात धरून तुला परत त्याच्याकडे वर नेलं. पहिल्यांदा तुझी बरगडी मोडली होती. दुसऱ्यांदा कानामागचे केस मुळासकट उपटले होते आणि तू रुमाल बांधला होतास. तिसऱ्यांदा तुला धड चालता येत नव्हतं. प्रत्येक वेळी मी आणि पाळक तुझ्यासमोर बसलो, तुझ्यासाठी प्रार्थना केली आणि सत्तर गुणिले सात वेळा माफ करायचं असतं असं तुला सांगितलं. तू नववीत गणितात पहिली आली होतीस, तिसऱ्या वेळी तूच विचारलंस, ताई, मग अजून चारशे सत्याऐंशी राहिल्या का? मी तुला चेष्टा करू नकोस म्हणाले. बाईच्या अंगात हाडं दोनशे सहाच असतात, हा हिशोब तेव्हा मला सुचला नाही.

हे मी तुला तोंडावर कधी म्हणाले नाही. आता लिहितेय. तुला परत पाठवलं ते आमचं चुकलं. क्षमा करणं तुझं काम होतं, आणि आम्ही ते तुझ्या वतीनं उरकून टाकलं. मार खायला मात्र तुला पुढे केलं.

काल त्यानं दारातून विचारलं, तिला दिसतं का? कुठे आहे ती? मला माहीत नाही म्हणाले. हे खोटं बोलल्याबद्दल मी प्रभूची माफी मागितली, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन असंही प्रभूलाच सांगून ठेवलं.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं. एवढ्या शिव्या तू कुठे शिकलीस? माझ्याकडेच, दुसरं कोण.

त्याला जेवायला का घालतेस, असं विचारलंस. उपाशी ठेव, कुत्र्यासारखा मरू दे, असं लिहिलंस. तुला तो अधिकार आहे. मी तुला समजावणार नाही, ते एकदा करून झालंय. माझ्यापुरतं सांगते. बाबा गेले तेव्हापासून हे कुलूपकिल्ल्यांचं दुकान मी चालवते, रागीट आहे, जिभेला हाड नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी माझं पटत नाही. माझ्यात चांगलं असं जे काही आहे ते सगळं त्या एका माणसाचं आहे, ज्यानं क्रूसावरून स्वतःला खिळे ठोकणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. ते सोडलं तर माझ्याकडे फक्त राग उरतो. मग त्या रंगाऱ्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझ्या हातात ताट होतं. म्हणून डबा नेते. तो सुधारेल म्हणून नेत नाही.

तो आता फार गोड बोलतो. काल म्हणाला, ताई, एक माफीचं पत्र लिहिलंय, तेवढं तिला पोचवा. पाळकांनीही गळ घातली. पश्चात्तापाचं दार बंद करू नये म्हणाले. मी म्हणाले, पत्ताच नाही तर पोचवू कुठे? पाळकांनी विश्वास ठेवला. रंगारी नुसता हसला. गेल्या आठवड्यात दोनदा तो दुकानासमोर उभा होता, पोस्टमन यायच्या वेळेला. तुझी पत्रं मी किल्ल्यांच्या कपाटात, खालच्या खणात ठेवली आहेत. त्या खणाला नवीन कुलूप बसवलंय, माझ्याशिवाय ते कोणाच्या बापाला उघडणार नाही.

तुझ्या पत्रात पुन्हा ते दाराचं आलंय. मार खाता खाता दार उघडलं, माझा चेहरा दिसला आणि तुला वाटलं प्रभूच आला. असं लिहीत जाऊ नकोस. मी दाराशी किती वाजता आले ते तुला

ते वाक्य राहू दे. दुकानात गिऱ्हाईक आलंय.

ताई


११ मार्च

धाकटे,

अक्षर वाकडं आहे, कारण झोपून लिहितेय. इस्पितळात आहे. मरणार नाही. समोरचे चार दात गेले, दोन बरगड्या गेल्या, आणि एक कान शिवलाय. आवाज ऐकून शेजाऱ्यांनी शटर उचकटलं, रंगारी पोलिसांच्या ताब्यात आहे.

शनिवारी भर दुपारी तो दुकानात आला. मी कानशीनं किल्ली घासत होते. तुझं नवीन पत्र, तुझा पत्ता लिहिलेल्या पाकिटासकट, मेजावरच होतं, तासाभरापूर्वीच आलेलं. खणाला एवढं भारी कुलूप, आणि पत्र मेजावर. मूर्खासारखं. त्यानं शटर आतून खाली ओढलं, पाकीट बघितलं आणि हात पुढे केला. मी त्याच्या आधी उचललं आणि तोंडात कोंबलं. हसू नकोस. दुसरं काही सुचलं नाही. पाकिटाचा कागद चामड्यासारखा असतो, चावून चावून गिळताना जीव घुसमटतो.

त्यानं माझं डोकं मेजावर आपटलं. जबडा उघडायला त्यानं डाव्या हातात माझीच पक्कड घेतली. मी त्याचं बोट चावलं, हाडापर्यंत. मग त्यानं पकडीनंच दात पाडले, एकेक नाही, दोन फटक्यांत. जमिनीवर किल्ल्यांचा ढीग सांडला होता आणि त्यात माझे दात. मी पडल्यावर तो लाथा मारत होता, न चिडता, हमाल पोतं सरकवतो तशा. मी गिळत होते. मला आठवतंय, मी प्रार्थना करत नव्हते. मी मनात फक्त म्हणत होते, कुणीतरी दार उघडा.

हे आठवलं म्हणून आता ते लिहिलंच पाहिजे. शिवाय मारता मारता तो बोललाही. म्हणाला, पत्ता दे, नाहीतर तू कुठे होतीस ते तिला सांगेन. म्हणजे त्याला माहीत होतं. मग दम खायला थांबला तेव्हा अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"तू बाहेरच होतीस ना, ताई. तुझी प्रार्थना मला आत ऐकू येत होती. मला वाटलं, ताईसुद्धा थांबवत नाही, म्हणजे मी तसं काही फार करत नाहीये."

धाकटे, हे खरं आहे. मी बाहेर होते.

त्या वेळी मी आणि पाळकांनी तुमच्या घरासाठी एकवीस दिवसांचा उपास धरला होता. आमचं ठरलं होतं की माणसानं मध्ये हात घालायचा नाही, प्रभूच त्याचं मन फिरवेल. त्या दिवशी एकोणिसावा दिवस होता. मी तुझ्याकडे येत होते, जिना अर्धा चढले आणि पहिला फटका ऐकला. मी दाराशी गेले. दार बंद होतं. ते कुलूप मीच बसवलं होतं, त्यानं सांगितलं म्हणून, सगळ्यांत भक्कम. आणि घरच्या माणसांच्या कुलपाची दुसरी किल्ली मी माझ्या जुडग्यात ठेवते. जुडगा माझ्या हातात होता.

मी गुडघ्यांवर बसले. मला वाटलं, ही परीक्षा आहे. किल्ली लावली तर उपास वाया, विश्वास खोटा. आत्ता, पुढच्या क्षणी, प्रभू त्याचा हात धरेल. मी मोठमोठ्यानं प्रार्थना करत होते. तुझा आवाज ऐकू येऊ नये म्हणूनही मोठ्यानं. तरी ऐकू आला. आधी हात, मग पट्टा, मग खुर्ची. तू माझं नाव घेतलं नाहीस. तू नुसतं पुरे, पुरे म्हणत होतीस. मग तू डोळा म्हणून ओरडलीस. ते मी स्पष्ट ऐकलं. त्यानंतरही मी सुरू केलेली प्रार्थना आमेनपर्यंत पूर्ण केली.

वीस मिनिटं, धाकटे.

इस्त्रीवाली खालून धावत आली, हातात इस्त्री तशीच. आपण जिला देव न मानणारी म्हणून नाकं मुरडायचो, ती. माझ्या हातातला जुडगा तिनं पाहिला.

"तुझ्याकडे किल्ली आहे, आणि तू इथे बसलीयस?"

तिनं माझे केस धरून माझं कपाळ दारावर दोनदा आपटलं. तेव्हा कुठे मी उठले आणि किल्ली लावली. दार मी उघडलं हे खरं आहे. त्यात तेवढंच खरं आहे.

दोन महिने मी तुझ्या त्या एका वाक्यावर जगायला पाहत होते, आणि ते माझं नव्हतं. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. काही म्हणायचं नसेल तर तेही चालेल.

पत्ता त्याला मिळाला नाही. तो माझ्या पोटात गेला.

ताई


१७ मार्च

धाकटे,

हे पत्र टपालानं येत नाहीये. टपालाला पाच दिवस लागतात आणि तेवढा वेळ नाही. इस्त्रीवाली स्वतः घेऊन येतेय. तिनं स्वतःहून विचारलं. मी तिला प्रवासासाठी काही देऊ लागले तर म्हणाली, ठेव, दात बसवायला लागतील. दुकान बंद करून, गिऱ्हाइकांचे कपडे परत करून ती निघालीय. आपल्या मंडळीतल्या कुणी एवढं केलं नसतं, आणि मी तर नाहीच.

काल रंगाऱ्यानं मला बोलावलं होतं. पाळक माझ्याबरोबर आले. गजांच्या पलीकडे तो बसला होता, बोटाला पट्टी, नाक वाकडं. तो रडला. या वेळचं रडणं खरं होतं असं मला वाटलं, आणि मला ते ओळखता येतं असा माझा दावा नाही. म्हणाला, ताई, माफ करा.

मी रात्रंदिवस या प्रश्नाशी झगडले होते. दुखणं एवढं की घोटभर पाणीही जाळायचं, आणि प्रत्येक घोटाला मी त्याला मनात ठार मारत होते. पण त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं की मी त्याला माफ करू शकते. मनापासून. ते माझं बळ नव्हतं, माझ्यात ते नाहीच. मी म्हणाले,

"माझे दात माझे होते. ते मी तुला माफ केले, आत्ता, प्रभूसमोर. तिचा डोळा माझा नाही. त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, आणि कुणाला बोलू देणार नाही."

पाळकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, मग आता तक्रार मागे घेऊ या. मी म्हणाले, माफी दिली, तक्रार राहील. कोर्टात मी साक्ष देणार आहे, त्याच्याबद्दल आणि माझ्याबद्दलही, त्या वीस मिनिटांसकट. पाळकांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, उपास तर मीच धरायला सांगितला होता, मग मलाही उभं राहावं लागेल. म्हातारा माणूस आहे, पण उभा राहील.

आम्ही निघालो तेव्हा रंगारी गजांना धरून उठला. डोळे अजून ओले. अगदी काळजीनं म्हणाला, तिच्याकडे गरम कपडे आहेत ना, तिथे थंडी फार असते. आणि त्यानं तुझ्या गावाचं नाव घेतलं.

पाकीट मी तोंडात घातलं त्याच्या आधी त्यानं तेवढं वाचलं होतं. गल्ली नाही, घर नाही, पण गाव. एका डोळ्याच्या, नवीन आलेल्या बाया त्या गावात किती असतील?

दिलेली माफी मला तिथल्या तिथे परत घ्यावीशी वाटली. गजांतून हात घालून त्याचा गळा धरावासा वाटला. परत घेतली नाही. पाळकांनी मला धरून बाहेर आणलं. येत्या गुरुवारी त्याच्या जामिनाची सुनावणी आहे. वकील म्हणतो, मिळेल.

तर आता नीट वाच. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी निघ. सामान इस्त्रीवाली बांधेल, तिचा हात चालतो. कामावर काही सांगू नकोस. ती तुझ्याबरोबर पुढच्या गावापर्यंत येईल, तू स्थिरावलीस की परतेल. तू कुठे गेलीस ते तिला माहीत असेल आणि ती मेली तरी सांगणार नाही. तिला कुणी देवाची शपथ घालून फसवू शकत नाही, हे आता मला फार मोठं वाटतं.

मला कळवू नकोस. कधीच नाही. पत्र नको, कार्ड नको. मी विचारलं तरी नको. मी पुन्हा खोटं बोलू शकेन, पुन्हा पाकीटही गिळेन. पण उद्या कुणीतरी माझ्यासमोर देवाचं नाव घेऊन रडेल, आणि तेव्हा मी काय करते हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करीन. या वेळी बाहेर बसून नाही. जा.

ताई